घाटाखालचं नाव

"सरकार इचारतंय म्हून घेती बरं का. नायतर घेतलं नसतं."

असं म्हणून ती डोक्यावरचा पदर पुढे ओढायची, टेबलावरच्या शाईच्या बाटलीकडे एकदा बघायची आणि घसा खाकरायची. रांगेतल्या बाया लगेच गप्प व्हायच्या. बाकावर बसलेले उमेदवारांचे प्रतिनिधी, जे सकाळपासून एकमेकांकडे डोळे वटारून बघत असायचे, तेही पेन्सिली खाली ठेवून कान टवकारायचे. आणि आक्का मतदान केंद्रात, सरकारी टेबलासमोर, उखाणा घ्यायची.

तुमच्यापैकी कुणी निवडणुकीची ड्युटी केली असेल तर त्याला माहीत असेल, बाईमाणूस आलं की यादीत बघून नवऱ्याचं नाव विचारायची पद्धत असते. एका गावात एकाच नावाच्या चार बाया निघतात, मग ओळख पटवायची कशी? पूर्वीच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडाने सांगायच्या नाहीत. कुणी शेजारणीला सांगायला लावायची, कुणी नुसतंच लाजून यादीवर बोट ठेवायची, आणि ते हमखास दुसऱ्याच्याच नवऱ्यावर पडायचं. आक्काने यातून स्वतःची वाट काढली होती. नाव सांगायचं नाही, घ्यायचं.

मी तेव्हा सिल्लोडच्या पुढे, अजिंठ्याच्या डोंगराकडे जाणाऱ्या बाजूला एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होतो. आक्काचं गाव आमच्या गावाला लागूनच. रस्ता असा, की तहसीलमधले शहाणे कर्मचारी तिथली ड्युटी आली की आजारी पडायचे. मी नवा होतो आणि तब्येत बरी होती, त्यामुळे ती ड्युटी माझ्या गळ्यात पडली आणि पुढे गळ्यातच राहिली. मतदार यादीची उजळणीसुद्धा माझ्याकडेच आली. आमच्या मतदारसंघाचा इतिहास म्हणून जो काही मला माहीत आहे, तो मी तिच्या गावच्या एका खोलीच्या शाळेत बसून पाहिला, आणि त्यातला बराचसा आक्काच्या उखाण्यांतून ऐकला.

आक्का धनगराची. अंगाने काटक, कपाळावर आडवं मोठं कुंकू, हातात कायम लोकरीचा पेळू आणि चाती. बोलतानाही सूत निघत राहायचं. तिच्या वाड्यावर गेलं की मेंढरांचा वास, लिंबाची सावली आणि ती फिरणारी चाती यांनी माणसाला गुंगी यायची. यादी घेऊन गेलेला मी कितीदा तरी तिथे कामाचं विसरून बसलो आहे. दुपार कुठल्या सालातली आहे तेसुद्धा तिथे नीट कळायचं नाही.

तिचा नवरा पोलीस ॲक्शनच्या आधी मेंढरं घेऊन घाट उतरला होता. घाटाच्या वर निजामाचं राज्य, खाली खानदेशात हिंदुस्थान. रझाकारांची धामधूम सुरू होती, मेंढरं हाकून नेतील म्हणून तरणी माणसं कळप घेऊन खाली चालली होती. आक्काला तेव्हा दिवस गेलेले. "पाऊस पडला की येतो" असं तो म्हणाला. पाऊस पडला, निजामाचं राज्य गेलं, लोक आपापल्या गावी परतले. मुलगा झाला, चालायला लागला. तो आला नाही.

गावात याबद्दल दोन गोष्टी होत्या. एक अशी, की घाटातच रझाकारांनी त्याला गाठला आणि संपवला. दुसरी अशी, की तो खाली खानदेशात राहिला, त्याने तिकडे दुसरी बायको केली. बांगड्या विकणाऱ्या एकाने तर त्याला तिकडच्या एका बाजारात पाहिल्याचंही सांगितलं होतं. आक्काने त्याला बांगड्या न भरताच वाटेला लावला. मेला म्हणणाऱ्यालाही ती दारात उभं करायची नाही. धनगराचा माणूस महिनोन् महिने बाहेर असतोच, त्यात नवल काय, एवढंच तिचं म्हणणं. त्या हिशेबाने तो अजून बाहेरच होता.

पहिली यादी झाली तेव्हा तिच्या सासऱ्याने घरातली माणसं सांगताना मुलाचंही नाव सांगितलं होतं. मेंढरांमागं गेलाय, येईल. तेव्हापासून ते नाव यादीत होतं. मी उजळणीला गेलो की ती माझ्यापुढे गुळाचा चहा ठेवायची आणि हलक्या आवाजात म्हणायची, "मास्तर, तेवढं नाव ऱ्हाऊ द्या. आल्यावर मानूस इचारील, माजं मत कुटं हाय." मी ते राहू द्यायचो. नियम मला माहीत होता, पण चाती फिरत असताना नियम सांगायला जीभ उचलायची नाही.

पहिल्या मतदानाची गोष्ट ती रंगवून सांगायची. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत पेट्या ओळीने मांडलेल्या पाहून आक्काला वाटलं, हे देवच बसवलेत. तिने पिशवीतून भंडारा काढला आणि एकेका पेटीला लावला. "येकाला लावावा अन् दुसऱ्याला न्हाई, ह्ये बरं दिसतं व्हय?" मग मत कुणाला टाकलं, असं विचारलं तर म्हणायची, "त्ये त्या पेटीला ठाव." आणि त्याच दिवशी तिने पहिला उखाणा घेतला होता:

"निजामाचं गेलं राज, आलं मताचं वारं,
...चं नाव घेती, उघडा सरकारी दारं."

टिंबं दिली आहेत तिथे नवऱ्याचं नाव समजा. चारचौघांसारखं साधं नाव होतं ते.

त्या वेळी तिचं मत हैद्राबादला गेलं. पुढच्या वेळी मुंबईला. ती होती तिथेच, त्याच लिंबाखाली, पण राज्य मात्र तिच्या पायाखालून सरकत होतं. आधी हैद्राबाद राज्य, मग मुंबईचं मोठं द्विभाषिक, मग महाराष्ट्र. आमचे थोर पुढारी यावर तास तास भाषणं करायचे. आक्काने दोन ओळींत आटपलं:

"हैद्राबाद ऱ्हायलं मागं, मुंबईची धरली वाट,
...चं नाव घेती, चढून या आता घाट."

हा मी स्वतः ऐकला नाही, माझ्या आधीच्या मास्तरांनी सांगितला. ते सांगताना हसले होते. मला हसू आलं नाही.

हळूहळू तिची कीर्ती मतदारसंघात पसरली. उमेदवार प्रचाराला आले की मारुतीला नारळ फोडून, दर्ग्यावर चादर घालून तिसरा मुक्काम आक्काच्या वाड्यावर करायचे. धनगरवाडा तिच्या शब्दाबाहेर जात नाही असा समज होता. वाडा तिच्या शब्दात होता की नाही कुणास ठाऊक, पण समज पक्का होता, आणि राजकारणात तेवढं पुरतं. एकदा एका उमेदवाराने तिला लुगडं पाठवलं. निरोप असा, की औंदाच्या उखाण्यात आमची निशाणी, शिडी, येऊ द्या. आक्का मतदानाला ते लुगडं नेसून आली. उखाण्यात शिडी नव्हती. संध्याकाळी तो उमेदवार तक्रार घेऊन गेला, तर म्हणाली, "उखाण्यात दोन गडी मावत नसत्यात, साहेब." तो बिचारा पडला. ते लुगडं आक्काने पुढे बरीच वर्षं वापरलं, चांगल्या सुताचं होतं.

मग ते वर्ष आलं, ज्यात आमचे कायमचे आमदार पडणार अशी कुजबूज होती. इतकी वर्षं निवडून आलेला माणूस पडू शकतो ही कल्पनाच लोकांना स्वप्नासारखी वाटत होती. लोक ती पारावर मोठ्याने बोलायचेही नाहीत. त्या दिवशी आक्का टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली:

"मोठ्या मोठ्या झाडाचा हालला बुंधा,
...चं नाव घेती, वाट बघती औंदा."

खोली हसली, आणि एक प्रतिनिधी ताडकन उठला. झाड हे एका अपक्षाचं चिन्ह होतं. मतदान केंद्रात प्रचार झाला, माझी लेखी हरकत नोंदवून घ्या, असं तो तणतणू लागला. मी केंद्राध्यक्ष. निवडणुकीच्या पुस्तकात उखाण्याबद्दल कलम नव्हतं. मी त्याला म्हटलं, "अहो, बुंधा हलला म्हणतेय ती. हा झाडाच्या विरोधातला प्रचार झाला, हरकत झाडवाल्याने घ्यावी." तो विचारात पडला आणि खाली बसला. आमदार त्या वेळी खरंच पडले. लोक म्हणू लागले, आक्काला आधीच कळतं. मला मात्र त्या उखाण्याची दुसरी ओळच लक्षात राहिली. सगळा मतदारसंघ पहिली ओळ ऐकायचा, आणि ती बोलत असायची दुसरी.

पुढे मतदारसंघाची पुनर्रचना झाली. आमचं गाव सिल्लोडकडे राहिलं, आक्काचं गाव कागदावर उचलून शेजारच्या मतदारसंघात ठेवलं. मधे एक ओढा, तीच हद्द. पुढाऱ्यांची गणितं कोलमडली. कालपर्यंत आक्काच्या लिंबाखाली बसणारे ओढ्याच्या अलीकडूनच हात हलवून जाऊ लागले. मी ड्युटीवर मात्र तिथेच होतो, कारण तहसीलमधले लोक अजूनही आजारी पडत होते. आक्का आली, केस पांढरे झाले होते, आवाज थोडा चिरकत होता:

"शीव सरकली पुढं, गाव ऱ्हायलं मागं,
...चं नाव घेती, डोळं माजं जागं."

रांगेतल्या नव्या सुनांना उखाणा आवडला. एक म्हातारी मात्र पदराने डोळे टिपत होती. मी खोटं सांगणार नाही, मलाही त्या क्षणी यादीवरची अक्षरं नीट दिसेनात. मला तेव्हा समजलं, की पाच वर्षांतून एकदा, भर सभेत, सरकारच्या साक्षीने ती आपल्या नवऱ्याला जिवंत ठरवून घेत होती. हळदीकुंकवाला तिला कुणी नाव घ्यायला सांगत नसे. बायका अवघडायच्या, घ्यायला लावावं की लावू नये, सवाष्ण की विधवा, नक्की काय. सरकार मात्र दर वेळी न चुकता विचारायचं.

आणि मग फोटोची ओळखपत्रं आली.

शाळेत शिबिर लागलं. पांढरी चादर भिंतीवर ठोकली, पुढे खुर्ची. तहसीलचा एक तरुण कर्मचारी टेबलाशी, एक पोरगेला फोटोवाला कॅमेऱ्याशी. गाव नटूनथटून आलं होतं. कॅमेरा चमकला की पोरं ओरडायची, म्हातारे दचकून डोळे मिटायचे आणि त्यांचे फोटो तसेच निघायचे. सगळीकडे पावडरचा वास, आणि ऊन खिडकीतून असं तिरपं पडलेलं, की खुर्चीत बसणारा प्रत्येक माणूस घटकाभर देवळातल्या मूर्तीसारखा उजळायचा.

आक्काचा मुलगा सकाळीच फोटो काढून गेला होता. दुपारी ती त्याला हाताला धरून परत घेऊन आली. त्याला डोक्याला फेटा बांधला होता, खांद्यावर जुनी घोंगडी. पन्नाशीला आलेला माणूस, मान खाली घालून आईमागे चालत होता. तिने त्याला खुर्चीत बसवलं, घोंगडी सारखी केली.

"याचा झालाय ना?" कर्मचाऱ्याने विचारलं.

"त्यो लेकाचा झाला," आक्का म्हणाली. "आता बापाचा काढा. तोंडवळा त्योच हाय. गावात कुनालाबी इचारा."

खोली हसली. मुलगा हसला नाही. "बस म्हनली, बसलो," तो माझ्याकडे बघून पुटपुटला. मला पहिल्यांदाच वाटलं, बाप गेला तेव्हा जेवढ्या वयाचा होता, त्याच्या दुप्पट वयाचा मुलगा त्या खुर्चीत बापाच्या जागी बसला आहे.

कर्मचारी भला होता. तो हसला नाही, चिडलाही नाही. "आक्का, असं चालत नाही. ज्याचं नाव त्याचाच फोटो. माणूस हजर नसेल तर नाव कमी करावं लागतं. कारण तेवढं लिहावं लागेल. मयत का स्थलांतरित?"

इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी तर मुद्दाम विचारला नव्हता. चाती तिच्या हातात लोंबकळत राहिली.

"दुसरं काय म्हनला?"

"स्थलांतरित. म्हणजे दुसऱ्या गावी कायमचे राहायला गेलेले."

मुलगा खुर्चीतून उठला. "आई, मयत म्हन. मेला म्हन अन् सुटू दे. मी तेराव्याला बसतो, डोस्कं भादरतो, सगळं करतो. लोकं मला आजून इचारत्यात, तुजा बाप हाय का न्हाई. काय सांगू मी?"

आक्काने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती टेबलाशी गेली आणि कर्मचाऱ्याला विचारू लागली, अगदी हळू, जसं एखाद्या वैद्याला विचारावं.

"दुसऱ्या गावात ऱ्हातुया आसं धरलं. तितं त्याचं नाव लागलं आसंल का?"

"राहत असतील तर लागलं असेल."

"अन् हितंबी ऱ्हायलं तर?"

"मग ते दुबार होतं, आक्का. एका माणसाचं दोन ठिकाणी नाव चालत नाही. चौकशी लागली तर अडचण होते. तिकडचंही कटू शकतं."

"म्हंजी मी हितं धरून ठिवलं, तर तितं त्याला तरास."

कर्मचाऱ्याने पेन खाली ठेवलं. तो माझ्याकडे बघू लागला. फोटोवाला पोरगा कॅमेऱ्यामागून बाहेर आला होता. बाहेर मेंढरांचा कळप चालला होता, त्याची घुंगरं तेवढी ऐकू येत होती.

"लिवा," आक्का म्हणाली. "गेल्यात दुसऱ्या गावाला."

"आई," मुलगा म्हणाला.

"मेला कसं म्हनू रं? म्यां कुटं बघितलं? जिता आसंल तर माज्या तोंडून मरंल त्यो." मग जरा थांबून ती म्हणाली, "ऱ्हातुया तितं. माला ठाव हाय. बांगडीवाला खोटं बोलत न्हवता."

मुलगा भिंतीला टेकून उभा राहिला. फेटा काढून त्याने हातात धरला. आयुष्यभर ज्या बाईने बांगडीवाल्याची गोष्ट दारात येऊ दिली नाही, तिने ती सगळ्या गावासमोर स्वतःच्या तोंडाने खरी केली होती. टाकलेली बायको म्हणवून घेणं तिने पत्करलं, त्याला मेलेला म्हणणं पत्करलं नाही.

"पूर्ण नाव सांगा," कर्मचाऱ्याने पेन उचललं.

मी वाट बघत होतो. मला वाटतं सगळेच बघत होते, सवयीने. आक्काने पदर पुढे ओढला नाही, घसा खाकरला नाही. तिने नवऱ्याचं नाव, सासऱ्याचं नाव, आडनाव, सरळ एका दमात सांगितलं, शाळेत हजेरीला पोरं सांगतात तसं. इतकी वर्षं मी ते नाव यादीत वाचत होतो आणि दर वेळी उखाण्यात ऐकत होतो, पण ते नुसतं, एकटं, मी पहिल्यांदाच ऐकलं. किती उघडं वाटलं ते.

मग ती खुर्चीत बसली. स्वतःचा फोटो राहिला होता. कुंकू सारखं केलं आणि कॅमेऱ्याकडे बघितलं. डोळे मिटले नाहीत.

त्यानंतर एक निवडणूक तिच्या वाट्याला आली. माझी निवृत्ती जवळ होती, ती माझीही शेवटची ड्युटी. ओळखपत्र असल्यामुळे नवऱ्याचं नाव विचारायची आता गरज नव्हती. पण नातसुनांची रांग मागे उभी होती आणि त्यांना तिचे उखाणे फक्त ऐकून माहीत होते. त्या गलका करू लागल्या. "आक्का, नाव घ्या की! येक डाव घ्या!" प्रतिनिधींनीही पेन्सिली खाली ठेवल्या.

आक्काने माझ्यापुढे डाव्या हाताचं बोट केलं. सूत काढून काढून त्या बोटाची कातडी गुळगुळीत झाली होती, शाई नीट धरेना.

"न्हाई गं," ती त्यांच्याकडे वळून म्हणाली. "त्याचं नाव आता तिकडची बाई घेत आसंल. येका मानसाचं दोन जागी चालत न्हाई."

रांगेत कुणी हसलं नाही. मी पुन्हा एकदा शाई लावली. मतपत्रिकेची घडी हातात घेऊन ती पुठ्ठ्याच्या आडोशाकडे गेली, आणि शिक्का मारल्याचा आवाज येईपर्यंत मी पुढचं नाव पुकारलं नाही.